सब्जेक्ट टेस्टचे स्कोअर पाठवायचे की नाही: न्यू जर्सीतल्या एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण २०१९ च्या उन्हाळ्यातलं आहे. सेंट्रल न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब, वडील आयटीत, आई फार्मा कंपनीत, मुलगी सप्टेंबरात बारावीला जाणार, म्हणजे इकडच्या भाषेत रायझिंग सीनियर, आणि तिला केमिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. आमच्याकडच्या मराठी मंडळातल्या पालकांना मी अर्ज-निबंध वगैरेत मदत करते, तशी ही फाइल माझ्याकडे आली. नाव देत नाही, ओळखू येतील असे एकदोन तपशीलही बदललेत. ज्या परीक्षेबद्दल हे आहे ती परीक्षा आता बंद झालीय, तरी मुद्दाम लिहितेय, कारण कॉलेजांना कुठला स्कोअर पाठवायचा यावरून त्या घरात जो वाद झाला तोच वाद आज एपीच्या (शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, परीक्षेला १ ते ५ स्कोअर) ४ वरून आणि एसएटीच्या (कॉलेज प्रवेशाची परीक्षा, १६०० पैकी) १४८० वरून घराघरात चालू आहे.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या एसएटीशिवाय कॉलेज बोर्डाच्या, म्हणजे एसएटी आणि एपी घेणाऱ्या संस्थेच्या, एकेका विषयाच्या एसएटी सब्जेक्ट टेस्ट असायच्या. एकूण वीस, त्यातल्या बारा भाषांच्या, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, लॅटिन, कोरियन सगळं होतं पण हिंदी नाही आणि मराठीचा तर प्रश्नच नाही. प्रत्येक टेस्ट एक तासाची, सगळे प्रश्न पर्यायांचे, स्कोअर २०० ते ८००, पाच पर्यायांतला चुकीचा मारला की पाव मार्क कापला जायचा. एका दिवशी जास्तीत जास्त तीन देता यायच्या, आणि फी २६ डॉलर अधिक प्रत्येक टेस्टचे साधारण २२.

मुलीने १ जूनला तिन्ही एकाच दिवशी दिल्या. आधी यूएस हिस्टरी, मग मॅथ लेव्हल २, शेवटी केमिस्ट्री. हा क्रम तिने स्वतः ठरवला होता, हिस्टरी विसरायच्या आत लिहून टाकावी म्हणून, आणि इथेच खरं तर थोडं गंडलं, कारण केमिस्ट्रीला ८५ प्रश्न असायचे, कॅल्क्युलेटर नाही, आणि मधेच तो १०१ नंबरपासून सुरू होणारा विचित्र भाग, दोन विधानं दिलेली, दोन्ही खरी आहेत का आणि असली तर दुसरं पहिल्याचं कारण आहे का, तेही वेगळ्या जागी गोल काळे करून. दोन तास डोकं पिळून झाल्यावर तिसऱ्या तासाला हे. स्कोअर आले ते असे: मॅथ २ मधे ७६०, केमिस्ट्री ७३०, यूएस हिस्टरी ६५०.

बाकीची फाइल अशी होती. एसएटी १५००, त्यात मॅथ ७७०. अकरावीत एपी केमिस्ट्रीला ५, एपी यूएस हिस्टरीला ४. प्रीकॅल्क्युलस ऑनर्सला, म्हणजे शाळेतल्या वरच्या पातळीच्या वर्गात, ए मायनस, बारावीत एपीचं कॅल्क्युलस बीसी घेणार. शाळेत ऑर्केस्ट्रा, उन्हाळ्यात काउंटीच्या पाणी तपासणीच्या प्रोग्रॅममधे व्हॉलंटिअर. चांगली फाइल, पण आपल्याकडच्या त्या भागातल्या शाळांमधे अशा फाइली चिक्कार असतात हे आधीच सांगून ठेवते.

आता वडील. ते मुंबईला इंजिनिअरिंग झालेले. त्यांचं पहिलं गणित सरळ होतं, ८०० पैकी ७६० म्हणजे ९५ टक्के, ८०० पैकी ७३० म्हणजे ९१ टक्के, डिस्टिंक्शनच्या वर, पाठवून टाका सगळं, हिस्टरीचे ६५० पण पाठवा, ऑलराउंडर दिसेल. मी त्यांना म्हटलं, अहो स्केल शून्यापासून नाही, दोनशेपासून सुरू होतं, आणि शाळेतल्या टक्क्यांसारखं ते वाचायचंच नसतं. मग त्यांनी घरी जाऊन पर्सेंटाइलचा, म्हणजे टेस्ट देणाऱ्यांपैकी किती टक्के आपल्या खाली आहेत त्याचा, तक्ता उघडला आणि रात्री अकराला मला फोन. मॅथ २ चे ७६० म्हणजे पर्सेंटाइल साठीच्या आसपास! पूर्ण ८०० मिळाले तरी पर्सेंटाइल ऐंशीच्याही पुढे जात नाही! मग एका दिवसात ते दुसऱ्या टोकाला. आता काहीच पाठवायचं नाही, कोणाला कळूच द्यायचं नाही की हिने टेस्ट दिली.

दोन्ही टोकं चुकीची होती, पण का ते नीट सांगायला हवं. मॅथ २ देणारी मुलं म्हणजे सगळी मुलं नव्हेत. ज्यांना इंजिनिअरिंग, फिजिक्स, कॉम्प्युटरला जायचंय आणि जी मोठ्या कॉलेजांना अर्ज करणार आहेत तीच ही टेस्ट द्यायची, सरासरीच ६९० च्या आसपास असायची. वर तिचं स्केलिंग सैल होतं, पन्नासातले पाचसहा हुकले तरी बऱ्याचदा ८०० मिळायचे, त्यामुळे वरच्या टोकाला नुसती गर्दी. यूएस हिस्टरी किंवा लिटरेचरला तसं नव्हतं. म्हणून एका विषयाचे ७६० आणि दुसऱ्या विषयाचे ७६० ही वेगळी गोष्ट, आणि कॉलेजच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला हे पाठ असतं, तो काही तक्ता उघडून पर्सेंटाइल बघत नाही. त्याला ७६० म्हणजे प्रीकॅल्क्युलस व्यवस्थित येतं एवढं कळतं. गणिताची ऑलिंपियाडवाली नाही, पण इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष हिला जड जाणार नाही. तेवढंच ते वाक्य, कमी नाही जास्त नाही.

कॉलेजांची यादी काढली तेव्हा गंमत अशी की प्रत्येकाचा नियम वेगळा. एमआयटीला तेव्हा दोन टेस्ट सक्तीच्या, एक मॅथ आणि एक सायन्स. प्रिन्स्टनला सक्ती नाही पण दोन रेकमेंडेड, आणि इंजिनिअरिंगला अर्ज असेल तर मॅथ आणि त्याबरोबर फिजिक्स किंवा केमिस्ट्री. बर्कलीचं अजून निराळं, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने २०१२ च्या प्रवेशापासूनच सब्जेक्ट टेस्टची सक्ती काढलेली, पण केमिकल इंजिनिअरिंग तिथे कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत येतं आणि त्यांनी मॅथ २ आणि विषयाशी संबंधित एक सायन्स टेस्ट रेकमेंड केलेली. कोलंबियाने २०१६ मधे अट काढून टाकलेली. मिशिगनला सक्ती नाही. आणि घराजवळचं रटगर्स, म्हणजे न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी, तिथे याची गरजच नव्हती.

लोक सरसकट विचारतात, स्कोअर पाठवू का? अहो कुठे, ते आधी सांगा. सक्ती, रेकमेंडेड आणि ऑप्शनल हे तीन वेगळे प्रश्न आहेत. सक्ती असेल तिथे पाठवायचं का हा प्रश्नच नसतो, अर्ज करायचा का एवढाच असतो. रेकमेंडेडवर तर आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत होतं. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, की चांगल्या सबर्बन शाळेतल्या, दोन शिकलेले पालक असलेल्या, महिन्याला पियानो आणि ट्यूशनला पैसे जाणाऱ्या घरातल्या मुलाने रेकमेंडेड म्हणजे जवळजवळ सक्ती असंच धरावं. पलीकडच्याला दिसतं की या मुलीला टेस्टची माहिती होती, फी परवडत होती, सेंटर वीस मिनिटांवर होतं, तरी जागा रिकामी, मग तो काय समजेल? हेच एखाद्या खेड्यातल्या शाळेतल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या मुलाचं असेल तर ती रिकामी जागा कोणी मनावर घेणार नाही. ऑप्शनल मात्र खरंच ऑप्शनल असतं, तिथे आकडा फाइलीत काही भर घालतो का एवढंच बघायचं.

एमआयटीचं पटकन सांगते. वडिलांना हवं होतं, मुलीला फारसं नाही. एमआयटी स्वतःच्या वेबसाइटवर प्रवेश मिळालेल्यांचे आकडे छापायचं, मॅथ सब्जेक्ट टेस्टचे मधले पन्नास टक्के ७९० ते ८००. तिथे ७६० घेऊन जाणं म्हणजे दार बंद असं नाही, पण बाकीच्या फाइलीत काहीतरी जबरदस्त हवं, आणि त्यांचा अर्ज कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकच अर्ज चालतो त्या साइटवर, नव्हता, वेगळा, वेगळे छोटे निबंध. मी मुलीला विचारलं, तुला तिथे जायचंय का गं? ती म्हणाली, मावशी, बाबांना जायचंय. विषय संपला. म्हणजे संपला असं मला वाटलं, वडिलांनी तो ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवला.

मधे रीटेकचा अध्याय झाला. २४ ऑगस्टला परत टेस्ट होती. वडिलांचा आग्रह, तिन्ही परत दे. आईने आणि मी मिळून एवढं ठरवलं की मॅथ २ फक्त, कारण हिस्टरी दोन महिन्यांत कोणी परत वाचत नाही आणि केमिस्ट्रीबद्दल माझ्या मनात वेगळंच चाललं होतं, ते पुढे सांगते. नाव नोंदवताना चार कॉलेजांना रिपोर्ट फुकट पाठवता येतात असं दिसलं की वडिलांचा हात शिवशिवायला लागला, नंतर पाठवायचे तर प्रत्येकी १२ डॉलर, म्हणजे ४८ डॉलर वाचतात ना. पण ते फुकट चार परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत वापरायचे असतात, आणि स्कोअर त्याच्या नंतर येतात. म्हणजे आकडा न बघता पाठवायचा. आईने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, ४८ डॉलरसाठी डोळे झाकून काही पाठवायचं नाही. बरोबर केलं. ऑगस्टचा निकाल आला ७७०. सगळा उन्हाळा घालवून दहा पॉइंट, मुलगी हसली, वडील नाही हसले.

आता केमिस्ट्री. घरात सगळ्यांचं एकमत होतं की केमिस्ट्री तर जाणारच, हिचा विषयच तो आहे, केमिकल इंजिनिअर व्हायचंय, ७३० आहेत, सरासरीच्या बऱ्यापैकी वर. मी म्हटलं, एक मिनिट थांबा. हिच्या अर्जात केमिस्ट्रीबद्दल काय काय आधीच आहे ते बघू. ऑनर्सला ए, एपी केमिस्ट्रीला ए, एपीच्या परीक्षेत ५. त्या वर्षी, २०१९ मधे, एपी केमिस्ट्री देणाऱ्यांपैकी ५ मिळालेले होते साधारण ११ टक्के. तेव्हा ही परीक्षा एपीतल्या कडक परीक्षांपैकी एक समजली जायची. तर वाचणाऱ्याच्या डोक्यात काय चित्र तयार झालं? केमिस्ट्रीत वरच्या फळीतली मुलगी. ५ हा आकडा मोठा पसरट असतो, कोणी काठावर ५ मिळवतो कोणी जवळजवळ पैकीच्या पैकी, दोघांनाही ५ च. वाचणारा त्यातला वरचा अर्थ घेतो किंवा निदान घेऊ शकतो. त्याच्याशेजारी तुम्ही ७३० ठेवलात की ती मोकळी जागा गेली. आता त्याला कळतं की वरच्या फळीतली खरी, पण अगदी वरची नाही. ७३० वाईट नाहीच, पण ५ च्या शेजारी ठेवला की तो ५ ला खाली ओढतो. साडीवर आधीच छान काठ आहे त्यावर आणखी एक साधी लेस लावण्यासारखं आहे ते.

आणि मॅथचं उलटं. वडील जो स्कोअर लपवायला निघाले होते, साठसत्तर पर्सेंटाइलवाला, त्याची फाइलीत खरी गरज होती. का? तर गणिताबद्दल बाहेरच्या कोणाचा पुरावाच नव्हता. कॅल्क्युलस बीसीची परीक्षा मे २०२० मधे, म्हणजे प्रवेशाचे निकाल लागून गेल्यावर. शाळेचा ए मायनस, तो त्या शाळेत कडक आहे की सैल हे वाचणाऱ्याला आपलं आपण ठरवायचं. एसएटी मॅथचे ७७० आहेत पण त्यात बीजगणित आणि डेटा, खरी ट्रिग्नॉमेट्री, लॉग, कॉनिक्स त्यात नावापुरती. मॅथ २ मधे हे सगळं असायचं. म्हणजे इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलीच्या अर्जात, हिला कॅल्क्युलसच्या आधीचं गणित पक्कं येतं, हे बाहेरच्या परीक्षेने सांगणारा एकच आकडा होता, ७७०. तो न पाठवणं म्हणजे इंजिनिअरिंगच्या अर्जातली मुख्य जागाच रिकामी.

हे ऐकून वडील म्हणाले, म्हणजे चांगला विषय घरी ठेवायचा आणि कमी पर्सेंटाइलवाला पाठवायचा? हो, ऑप्शनल जिथे आहे तिथे. कोलंबिया आणि मिशिगनला फक्त मॅथ २ पाठवायचं ठरलं. ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

बरं, हाच नियम सगळीकडे लावला का? नाही. प्रिन्स्टनने इंजिनिअरिंगसाठी मॅथ आणि एक सायन्स म्हटलेलं. तिथे नुसतं मॅथ गेलं असतं तर प्रश्न येतो की सायन्स कुठाय, टेस्ट तर देतेय मग केमिस्ट्री का नाही दिली, आणि तीही केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलीने? तिथे तो रिकामेपणा ७३० पेक्षा महाग पडला असता. म्हणून प्रिन्स्टनला दोन्ही. बर्कलीलाही दोन्ही, त्यांनी विषयाशी संबंधित सायन्स असंच म्हटलेलं, आणि त्यांच्या अर्जात स्कोअर स्वतःच भरायचे असतात, अधिकृत रिपोर्ट नंतर, त्यामुळे पैशाचाही प्रश्न नव्हता. केमिस्ट्रीची रीटेक का नाही केली असं आता कोणी विचारेल. ऑक्टोबरात करता आली असती, पण त्याच महिन्यात प्रिन्स्टनच्या १ नोव्हेंबरच्या अर्ली डेडलाइनसाठी निबंध होते, आणि माझ्या मते एका चांगल्या निबंधाची किंमत ७३० चे ७६० होण्यापेक्षा जास्त. यावर माझ्याशी भांडणारे आहेत, भांडा.

यूएस हिस्टरीचं पाच मिनिटांत आटोपलं. ६५० म्हणजे देणाऱ्यांच्या साधारण मधोमध, शेजारी एपीचा ४ आहे, इंजिनिअरिंगशी संबंध नाही, घरी ठेवा. फक्त एक अडचण अशी की काही कॉलेजं दिलेल्या सगळ्या टेस्टचे स्कोअर मागायची, जॉर्जटाउन त्यातलं प्रसिद्ध, तिथे आवडलेला पाठवू आणि नावडलेला ठेवू असं चालत नसे. एका ओळखीच्या बाईंनी सहज सुचवलं होतं की जॉर्जटाउनला पण टाक एक अर्ज. तिथे केमिकल इंजिनिअरिंगच नाही, तेव्हा राहिलं.

आता दोन बारीक गोष्टी, ज्यांच्यात लोक अडकतात. पहिली, कॉलेज बोर्डाच्या साइटवर स्कोअर चॉइस म्हणून सोय असायची, सब्जेक्ट टेस्टमधली हवी ती एकच टेस्ट निवडून पाठवता यायची. पण ती सोय तुम्ही मुद्दाम वापरली तरच. काही न निवडता पुढे पुढे क्लिक करत गेलात तर सगळेच स्कोअर जायचे, ६५० सकट. वडिलांनी पहिल्यांदा बसून नेमकं हेच करत आणलं होतं, शेवटच्या पानावर मुलीने पाहिलं म्हणून वाचलं. दुसरी गोष्ट याहून चोरटी. काही हायस्कुलं ट्रान्सक्रिप्टवरच, म्हणजे कॉलेजांना जाणाऱ्या शाळेच्या मार्कलिस्टवरच, टेस्टचे स्कोअर छापतात. तुम्ही इकडे डोकं लावून ठरवताय काय पाठवायचं नि काय नाही आणि शाळेने तिकडे सगळं छापून पाठवलेलं. मी मुलीला गायडन्स काउन्सेलरकडे पाठवलं, त्या शाळेत छापत नव्हते, तरी विचारून घेतलेलं बरं.

इथे पुण्याच्या भावाची गोष्ट सांगायला हवी. मुलीचा आतेभाऊ पुण्यात एचएससी बोर्डाला, त्याच वर्षी अमेरिकेला अर्ज करत होता, फिजिक्सला. त्याचे मॅथ २ ला ७७० आणि फिजिक्सला ७२०, म्हणजे जवळपास हिच्यासारखेच आकडे. हिच्या वडिलांनी मोठ्या उत्साहाने माझं लॉजिक त्याला फोनवर ऐकवलं, कोलंबियाला सायन्सचा स्कोअर पाठवू नकोस म्हणून. मी दुसऱ्या दिवशी तो फोन उलटा करायला लावला. त्या मुलाकडे एपी नाही. अर्ज करताना त्याच्या हातात दहावीचं बोर्ड, अकरावीचे कॉलेजचे मार्क, आणि बारावीचे कॉलेजने दिलेले अंदाजाचे मार्क. बारावीच्या बोर्डाचा निकाल मेच्या शेवटी किंवा त्यानंतर, आणि अमेरिकेतले प्रवेशाचे निकाल मार्चच्या अखेरीस लागून गेलेले. आयोवा किंवा रोड आयलंडमधे बसलेल्या माणसाला पुण्यातल्या त्या ज्युनिअर कॉलेजचे ८८ टक्के म्हणजे काय हे कसं कळणार, आपल्याकडे मार्क कसे देतात हे सांगायला कोण बसलंय तिथे? फिजिक्सबद्दल बोलणारा त्याच्याकडचा एकमेव बाहेरचा आकडा ७२०. त्याने दोन्ही सगळीकडे पाठवावे, ऑप्शनल असो की नसो. त्याने पाठवले. त्याच्या फाइलीत ७२० भर घालत होता, हिच्या फाइलीत ७३० कमी करत होता, आणि हे एकाच घरातल्या लोकांना समजवायला मला अर्धा दिवाळीचा फराळ लागला.

काय झालं पुढे ते सांगते, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका, एका मुलीच्या निकालावरून कुठला स्कोअर लागू पडला हे कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही. डिसेंबरात प्रिन्स्टनने डिफर केलं, म्हणजे निर्णय पुढे ढकलला, मार्चमधे नाही म्हटलं. कोलंबियाने नाही म्हटलं. बर्कली हो, मिशिगन हो, रटगर्स हो आणि वर स्कॉलरशिप. तोवर कोविड आला होता. एप्रिल २०२० मधे ते कुटुंब डायनिंग टेबलावर बसून हिशोब करत होतं की बाहेरच्या राज्याची फी भरून मुलगी पहिलं सेमिस्टर घरूनच लॅपटॉपवर करणार असेल तर काय उपयोग. तिने रटगर्स घेतलं. तिथला पहिला फॉल खरंच बहुतेक ऑनलाइनच गेला. आतेभावाला मिडवेस्टमधल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात मिळालं, व्हिसाच्या गोंधळात तो एक वर्ष उशिरा पोचला.

त्याच मार्चमधे, म्हणजे २०२० च्या, एमआयटीने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून सब्जेक्ट टेस्ट बघणारच नाही, पाठवल्या तरी नाही. वडिलांचा मला मेसेज, बघा, एक वर्ष थांबली असती तर! मी उत्तर दिलं नाही. मग जानेवारी २०२१ मधे कॉलेज बोर्डाने सब्जेक्ट टेस्टच बंद केल्या, अमेरिकेत ताबडतोब आणि बाहेरच्या देशांत त्या वर्षीच्या जूननंतर. त्यांचं म्हणणं असं की एपी आता पुरेशा शाळांमधे पोचलंय. आपल्या इथल्या मुलांसाठी ते खरं, पुण्यातल्या त्या आतेभावासारख्या मुलांसाठी अर्धवट खरं, कारण भारतात एपी देता येते पण त्याची सेंटरं मोजक्या शहरांत आणि बोर्डाच्या अभ्यासावर वेगळा बोजा. नंतर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने एसएटी बघणंच सोडलं, मिशिगन आणि कोलंबिया टेस्ट ऑप्शनल राहिले, आणि उलटीकडे एमआयटीने २०२२ मधे टेस्टची अट परत आणली, २०२४ मधे डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅल्टेक एकामागून एक.

या मुलीचा धाकटा भाऊ २०२४ च्या फॉलला अर्ज करत होता. एसएटी १५२०. एपीमधे फिजिक्स सी मेकॅनिक्सला ५, कॅल्क्युलस बीसीला ५, यूएस हिस्टरीला ३. येलने त्या वर्षी टेस्ट फ्लेक्सिबल म्हणून नवी पद्धत आणलेली, एसएटी किंवा एसीटी (एसएटीसारखीच दुसरी परीक्षा) किंवा एपी किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षा), यातलं काहीतरी एक द्या. वडिलांना लगेच दोन ५ दिसले आणि ते म्हणाले, एपी देऊया, ५ आहेत, तुमच्याच लॉजिकने. पण येलची अट अशी की एपीच्या वाटेने आलात तर तोवर दिलेल्या सगळ्या एपी परीक्षांचे स्कोअर दाखवायचे. म्हणजे हिस्टरीचा ३ पण जाणार. एसएटीच्या वाटेने गेलात तर बाकीचे स्कोअर ऐच्छिक, हवे ते दोन ५ वर जोडा. १५२० पुढे, दोन ५ सोबत, ३ घरी. मुलाने हे आमच्याकडे यायच्या आधीच स्वतः वाचून ठरवलं होतं, मला फक्त बाबांना सांगायला बोलावलं होतं.